आवाज गेला, हात राहिले

काळेवाडीत उन्हाळा आधी ऐकू येतो, मग लागतो. सकाळची शाळा सुटायच्या सुमाराला डोक्यावरचा पत्रा तापून तडतडायला लागतो, वरून कुणीतरी मूठमूठ हरभरे टाकतंय असा. गल्लीतली पोरं सावलीच्या पट्ट्यात बसून नागरिकशास्त्र घोकत असतात, रसवंतीचे घुंगरू वाजत असतात, आई कुरडयांसाठी गहू भिजत घालते आणि त्या आंबूस वासानं अख्खं घर भरून जातं. यंदाही हे सगळं वेळच्या वेळी आलं. त्याबरोबर आठवणीतला तो एक उन्हाळाही आला, दरवर्षी येतो तसा. मी चौथीत होते आणि पप्पांच्या कंपनीत पिक्चरवाले आले होते.

मला खरं तर शांतपणे लिहायचं होतं. पण मी एरवी पत्रकं लिहिते. चाकणला शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या गेटवर वाटायची पत्रकं. तिथं माणूस बसच्या दिशेनं चालता चालता वाचतो. सुरुवातीलाच मुद्दा आला नाही तर कागद नाल्यात जातो. त्या सवयीनं सांगून टाकते. माझ्या वडिलांचा आवाज एका पिक्चरच्या तबकडीवर होता. त्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली. नव्या आवृत्तीत वडील आहेत, आवाज काढून टाकलाय आणि त्या जागी बासरी वाजतेय.

हे पाहिलं त्या दुपारपासून मी हादरलेली आहे. आणि त्याच दुपारी, त्याच खोलीत, मी दुसऱ्यांदा जी हादरले ती अजून सावरलेली नाही.

पप्पांना आता आवाज नाही. मी नववीत असताना त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यावर आई मलमलची पट्टी बांधते. गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा आवाज यायचा. पप्पांनी ते थोडे दिवस वापरलं आणि टीव्हीच्या मागं ठेवून दिलं. त्यांचं काही अडत नव्हतं. त्यांना आणखी एक भाषा आधीपासून येत होती.

ते चिखलीतल्या एका प्रेसशॉपमध्ये होते. प्रेसशॉप म्हणजे पत्र्याची लांबट शेड, तीत ओळीनं पॉवर प्रेस, खाली लोखंडी पट्टी सरकवायची, वरून डाय, म्हणजे साचा, आदळणार, तुकडा तयार. दिवसभर हेच. तो धडधडाट असा की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी त्याला फक्त तुमचे दात दिसतात. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. करंगळी ओठाला लावली की चहा. पोटावर तळवा फिरवला की डबा. खिल्ली उडवायची, उसनं मागायचं, कुणाला मुलगी झाली ते सांगायचं, सगळं हातानं. ही भाषा कुणी शिकवत नाही; घरात आम्हालाही तिच्यातल्या चहा-जेवणाच्या चार खुणाच कळतात. आणि ती छातीपुढं हात नाचवून बोलत नाहीत. हात खाली, गुडघ्याजवळ, एप्रनच्या आडोशाला ठेवून बोलतात. मागून फिरणाऱ्या सुपरवायझरला वाटलं पाहिजे, माणूस हात पुसतोय.

पप्पांच्या शेजारच्या प्रेसवर भानुदासकाका असायचे. मोशीच्या जुन्या घरातले. त्यांच्या शेतात आता लिफ्टवाल्या इमारती आहेत आणि ते अजून त्या जागेला 'खालचं वावर' म्हणतात. ते मला एकदा म्हणाले होते, "आगं, ह्या भाषेत बी बोबडी मान्सं असत्यात. एक बोट गेलं की जरा बोबडं. दोन गेली की पार तान्हं पोर. तुझा बाप तर दिवसभर बडबडगीतंच म्हनतो." पप्पा आवाज नसलेलं हसू हसले होते. खांदे हलतात, गळ्याची पट्टी फुगते.

त्यांच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं नाहीत. पिक्चरवाले आले त्याच्या आदल्या थंडीत ती प्रेसखाली गेली. त्यानंतर कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट आणि हातमोजे द्यायला.

तर तो उन्हाळा. आमच्याकडं सगळ्या पट्ट्याला गुरुवारची सुट्टी. रविवारी चिखली धडधडत असते आणि गुरुवारी इतकी गप्प होते की शेडच्या छपरावर कबुतरं चालल्याचं ऐकू येतं. पिक्चरवाल्यांना तेच हवं होतं. मालकानं शेड दिली आणि कामगारांना सांगितलं, ज्यांना तोंड दाखवायचं त्यांनी सुट्टीच्या दिवशी या. पिक्चर कामगारांचाच होता. आमच्या घरात त्याला कधी नावानं कुणी बोलवलं नाही. 'आपला पिक्चर' म्हणायचे.

परिसर अभ्यासाचा पेपर देऊन मी तशीच आईबरोबर डबा घेऊन गेले होते. मला त्या दिवसाचं काय आठवतं? थर्माकोलचे पांढरे तक्ते हातात धरून उन्हात उभी असलेली माणसं. ग्रीस आणि गरम लोखंडाचा वास. हात धुवायला ठेवलेला लाकडाचा भुसा आणि पिवळा साबण, आणि त्या भुशानं हात चोळून बघणारी एक गोरी नटी, "किती छान स्क्रब होतं ना," म्हणत. तिच्यामागं हसू दाबणारी आमची सगळी माणसं. हिरोनं पाना उलटा धरला होता. तो नीट धरून दाखवायला भानुदासकाका पुढं गेले, तर त्यांना सांगितलं की कॅमेऱ्यात असाच बरा दिसतो.

मुख्य पिक्चरपासून वेगळी, छोटा कॅमेरा घेतलेली एक बाई होती. पिक्चर कसा झाला ते ती चित्रित करत होती. तिनं पप्पांना स्टुलावर बसवलं, मागं मुद्दाम एक प्रेस चालू ठेवायला सांगितली आणि बोटांबद्दल विचारलं. आई आणि मी शटरबाहेर होतो. आत पिक्चरवाले आणि कंपनीची माणसं, एवढ्यांनाच परवानगी होती. मला फक्त प्रेसचा दणका ऐकू येत होता. कैरीला लावलेलं तिखट-मीठ घामानं मनगटावर उतरत होतं ते आठवतं. पप्पा बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातली कैरीची फोड खाल्ली आणि डबा उघडला.

आत काय बोलले ते पुढं दिवाळीनंतर कळलं. आधी पिक्चरची व्हीसीडी आली, दोन चकत्यांची. गल्ली गोळा झाली. सतरंज्या अंथरल्या. पिक्चर संपला आणि पप्पा कुठंच नव्हते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या ह्यांचं बहुतेक कापलं हो." आई उठून भांडी घासायला गेली. मग डीव्हीडी निघाली, पिंपरीच्या बाजारातून पप्पांनी ती घेतली, आणि तिच्यात पिक्चरशेजारी आणखी एक चौकोन होता: पडद्यामागे. त्यात पप्पा होते.

जेमतेम अर्धा मिनिट. चेहरा, मागं प्रेस, आणि त्या धडधडाटातून वर येणारा त्यांचा जाडाभरडा लातुरी आवाज. "चूक माझीच. लक्ष नव्हतं. कंपनीनं लई केलं माझ्यासाठी." मग ते घसा खाकरायचे, आणि पुढं दुसरा माणूस सुरू व्हायचा.

आम्ही पिक्चर पुन्हा कधी पाहिला नाही. ते अर्धं मिनिट मात्र सणाला, पाहुण्यांना, मे महिन्यात गावाकडून आलेल्या पोरांना, सगळ्यांना दाखवलं. पाठ झालं होतं. मी आणि ताई खाकरण्यासकट म्हणून दाखवायचो. आणि त्यातला एक शब्द आमच्या घरात राहायलाच आला. लक्ष. अभ्यासात लक्ष दे. रस्ता ओलांडताना लक्ष दे. दूध तापतंय, लक्ष दे. आई म्हणायची आणि मध्येच थांबायची.

मोठी झाले, चळवळीत आले, प्रेसवर हात गेलेल्या कंत्राटी पोरांच्या घरी जायला लागले आणि तेच वाक्य मला दारोदार भेटलं. "चूक त्याचीच म्हणे ताई, लक्ष नव्हतं." मालक म्हणतो, कंत्राटदार म्हणतो, शेवटी पोरगा स्वतः म्हणतो. प्रत्येक वेळी मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू यायचा. प्रेम आणि राग एकाच आवाजाबद्दल वाटणं काय असतं, हे मी पत्रकात कधी लिहू शकले नाही.

ती डीव्हीडी आता नाही. प्लेअरनं तिला घ्यायचं सोडलं, ओरखडे फार होते. आणि एका उन्हाळ्यात आईनं ती शेजारच्या गच्चीवर कुरडयांच्या वर दोरीला टांगली, चिमण्या येऊ नयेत म्हणून. सगळी काळेवाडी तेव्हा हेच करायची. गच्च्यागच्च्यांवर पिक्चर लटकत असायचे, ऊन परतवत. त्यात चूक काय होती? पप्पा खाली खोलीत बसून मोठ्यानं पेपर वाचत होते. आवाज घरात होता. आमच्याकडं मोबाईल होता तो साधा, त्यात आवाज यायचा, राहायचा नाही. नंतर ऑपरेशन झालं आणि मग गच्चीवरच्या त्या दोरीकडं आई कितीतरी दिवस बघायची नाही.

म्हणून यंदा जाहिरात दिसली तेव्हा घरात काय झालं असेल बघा. आपला पिक्चर, नव्या रूपात, रंग आणि आवाज सुधारून, 'पडद्यामागे' या जादा भागासह. मी वाचून दाखवलं. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. ताईची पिहू, नुकतीच शाळेत जायला लागलेली, तिला आजोबा म्हणजे टाळी आणि चुटकी एवढंच माहीत. ती विचारते, आजोबांचा आवाज कुठं ठेवलाय? आई तिला म्हणाली, "येतोय बघ आता."

पप्पांनी हात हलवला. जाऊ दे, असा. आम्हाला वाटलं, उगाच लाजतायत.

डीव्हीडीचा डबा घरी आला, पण तबकडी लावायची कशात? आमच्या गल्लीत सगळ्यांच्या भिंतीवर भलेमोठे टीव्ही, प्लेअर एकाकडंही नाही. भानुदासकाकांकडं होता, काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर. कीर्तनाच्या तबकड्यांसाठी ठेवलेला. गुरुवारी जेवणं झाल्यावर ते तो काखोटीला मारून बसनं आले. "प्लेअर न्हाई म्हनायचं याला," पायऱ्या चढताना म्हणाले, "तान्हं लेकरू हाय. वायर हलली की रडतं."

लावला. कूलर बंद केला, ऐकू यावं म्हणून. आई पुढं बसली, पिहू तिच्या मांडीवर. पप्पा मागं भिंतीला टेकून. पत्रा तडतडत होता.

'पडद्यामागे' सुरू झालं. दिग्दर्शक बोलले, भरपूर बोलले. जुन्या डीव्हीडीतलं त्यांचं सगळं होतं आणि वर नवं होतं. हिरोनं सांगितलं, आपण प्रेस चालवायला कसे शिकलो. ती भुशानं हात धुणारी नटी आता केस पिकलेली होती, तिनं सांगितलं की श्रमिकांकडून खूप शिकायला मिळालं. कापलेलं एक गाणंही पुढं आणलं होतं. मग पडदा काळा झाला, त्यावर अक्षरं आली: श्रमाचे हात. आणि बासरी.

फक्त हात. एकामागून एक. काळे पडलेले, भेगाळलेले, मंद गतीनं हलणारे. चेहरे नाहीत. बोलणं नाही. मग पप्पांचा हात आला. मांडीवर ठेवलेला, दोन बोटांच्या जागी गुळगुळीत टोकं. जुन्या डीव्हीडीत तो क्षणभरच दिसायचा, चेहरा बोलत असताना. इथं तो कितीतरी वेळ होता. कॅमेरा जवळ जवळ जात होता आणि बासरी वर वर चढत होती.

संपलं. पुढं आभार.

पिहू म्हणाली, "आजोबा कुठं बोलले?"

आईनं पदर तोंडाशी धरला होता. मला आधी वाटलं, वायर हलली असेल. परत लावलं. बासरीच.

हे कसं करता येतं, मला खरंच विचारायचंय. चाकणला कंत्राटदार बदलतो तेव्हा मी हेच बघते. जुन्यांतली काही माणसं नव्या कंत्राटात घेतात, काही गेटवर राहतात. आणि जी घेतात त्यांचीही आधीची वर्षं धुऊन टाकतात, काल लागलास असं समजून काम कर म्हणतात. इथंही कुणीतरी एसीत बसून ठरवलं होतं काय पुढं न्यायचं. दिग्दर्शकाच्या आठवणी पुढं. हिरो पुढं. कापलेलं गाणंसुद्धा पुढं. आणि आमच्या माणसांचे नुसते हात पुढं, कारण हात सुंदर दिसतात आणि उलटून बोलत नाहीत. डब्यावर मात्र छापलंय, जादा भागासह. जादा कुणाचं आणि उणं कुणाचं, ते छापलेलं नाही.

डब्याच्या मागं फोन नंबर होता. मी तिथल्या तिथं लावला, स्पीकरवर. एका मुलीनं उचलला. आवाज गोड होता, तिचा दोष नाही.

"ते मूळ ऑडिओ खूपच खराब होतं हो," ती म्हणाली. "मागं सतत मशीन चालू होतं. ऐकायला त्रास होत होता."

"कुणाला?"

"म्हणजे... प्रेक्षकांना."

"तिथं रोज आठ तास उभं राहणाऱ्यांना विचारलं होतंत?"

"मॅडम, प्लीज रागावू नका. दृश्यं इतकी बोलकी आहेत, आमच्या टीमला वाटलं शब्दांची गरजच नाही."

"ते माझे वडील आहेत. त्यांचं स्वरयंत्र काढलंय. त्यांचा आवाज जगात तेवढाच होता."

ती हळू म्हणाली, "सॉरी, मला माहीत नव्हतं. मूळ टेप गोडाऊनला असतील. पण ऑफिस हलवतोय आम्ही, जुना माल काढून टाकणार आहेत याच महिन्यात. तुम्ही लेखी पाठवा, मी स्वतः बघते."

मी फोन ठेवला. इकडं भानुदासकाकांनी तो तुकडा पुन्हा लावला होता आणि ते चक्क हसत होते. पोट धरून.

"काका, हसण्यासारखं काय आहे?"

"आगं, बोलतोय की त्यो."

"कुठं बोलतायत? बासरी वाजतेय."

"तोंडाचं कोन म्हनतंय? हात बघ की, हात." त्यांनी रिमोटनं मागं घेतलं. "ह्ये बघ. मनगटावर टिचकी. मनगटावर घड्याळ, म्हंजी घड्याळवाला. आमी सुपरवायझरला म्हनायचो. आता बघ, तळहात दुसऱ्या हातावर ठिवला, वर उचलला. गार्ड काढलं. प्रेसच्या पुढं जाळी असती, हात आत जाऊ नये म्हनून, ती. आन् ही मूठ खाली दोनदा. चालव, चालव." ते माझ्याकडं वळले. "घड्याळवाल्यानं गार्ड काढलं आन् म्हनला चालव. मालाची घाई हुती त्या दिशी."

मी पडद्याकडं बघत होते. तो हात मला आयुष्यभर माहीत होता. त्यानं मला घास भरवलेत. टिचकी, झाकण उचलल्यासारखा तळवा, मूठ दोनदा. बासरीच्या तालावर, मंद गतीत, स्पष्ट. मला वाटलं होतं, थरथरतोय.

"तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"आत्ता कसलं? आमी तितंच हुतो की, क्यामेऱ्याच्या मागं. घड्याळवाला आमच्या खांद्याला खांदा लावून उभा, ह्यो काय बोलतोय ते ऐकाय. तोंड म्हनतंय, चूक माझीच, आन् खाली हात ह्ये म्हनतोय. आमाला हसू दाबता ईना. रडू बी." काका थांबले. "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय? घरात?"

घरात माहीत नव्हतं. प्रेसशॉपमधल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. ज्या बाईनं चित्रित केलं तिला माहीत नव्हतं, ज्यांनी आवाज पुसला त्यांना माहीत नव्हतं, आणि आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही आवाज ऐकत होतो. तो चेहऱ्याचा चौकोन, ते पाठ झालेलं वाक्य. लक्ष दे, लक्ष दे म्हणत मोठे झालो आणि जिकडं लक्ष द्यायला हवं होतं तो हात, एक क्षण सोडला तर, पडद्याच्या खालच्या कडेबाहेर होता. आवाज होता तोवर कुणाला हाताकडं बघायची गरज पडली नाही.

मी मागं वळले. पप्पा खाली बघत होते.

"पप्पा, घरी का नाही सांगितलंत?"

त्यांनी काकांकडं पाहून हात हलवायला सुरुवात केली. इतका वेळ बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काका मध्येच थांबवत होते, "सावकाश रं, बोबड्या," आणि सांगत होते.

"म्हनतोय, चूक माझी असं बोललो म्हनून स्टोअरला घेतलं. न्हाईतर घरीच बसवलं असतं. तोंडातनं घरात निघालं की गल्लीत जातं, गल्लीतनं कंपनीत. पोरी ल्हान हुत्या. आन् नंतर..." काका अडखळले. "नंतर म्हनतोय, तुमी ते वाक्य इतकं कौतुकानं लावायचा, पाव्हण्यांना दाखवायचा. मग कसं सांगनार."

मी उठले होते. माझ्या डोक्यात पत्र तयार होत होतं, टेप फेकायच्या आत पोचायला हवं होतं. मी म्हणाले, आजच लिहिते, आवाज परत मागते, कसा देत नाहीत बघते.

पप्पांनी मांडीवर हात आपटला. मोठ्यानं. मग काकांकडं बघून दोन-तीन खुणा केल्या.

काका हसायचे थांबले होते. "म्हनतोय, नगं. बासरीच बरी."

"काय?"

"म्हनतोय, पुसलं ते बरं झालं. ते वाक्य पिहूला ऐकवायचं न्हाई."

मी परत खाली बसले. मी लोकांना सांगत फिरते की आवाज उठवा. आणि माझ्या वडिलांना त्यांचा एकुलता एक उरलेला आवाज नको होता, कारण तो त्यांचा नव्हता, कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या माणसानं काढून घेतलेला होता. मला हेही कळत होतं की नुसते हात माझ्या कामाचे आहेत. गेटसभेत दाखवले तर बसकडं निघालेला माणूसही थांबून बघेल. आवाज आला तर तोच उलट साक्ष देईल. मालक म्हणेल, बघा, स्वतःच कबूल करतोय.

तेव्हा आई बोलली. पप्पांकडं न बघता, पिहूच्या केसांतून हात फिरवत.

"अहो, बोलणं खोटं असंल. आवाज तर तुमचाच हाय ना. मी काय त्या बोलण्यासंगं नांदले का? मला झोपेतसुद्धा आता तो आठवत नाही. आधी आठवायचा. मला पाहिजे."

पिहू आईच्या मांडीवरून उतरली आणि पडद्यावर थांबवून ठेवलेल्या हातापुढं जाऊन उभी राहिली. तिनं स्वतःच्या मनगटावर टिचकी मारून बघितली, मग तळवा ठेवून उचलला. मूठ मात्र चुकली, एकदाच खाली नेली.

पप्पा सरकत पुढं आले. त्यांनी तिची मूठ धरून दोनदा खाली नेली. मग आईकडं बघितलं आणि काकांकडं वळून खुणा केल्या. काकांनी दोनदा विचारून खात्री केली.

"मागवा म्हनतोय. पर पोरीला आदी हात दाखवायचा. काय म्हनतोय त्यो, ते समजावून सांगायचं. आवाज त्याच्या मागनं."

पत्र मी त्याच दुपारी पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही, गोडाऊनमधला माल अजून हलला नसावा अशी मी आशा धरून आहे, आणि रोज फोन करून त्या गोड आवाजाच्या मुलीला हैराण करते आहे. पत्रात शिवी नाही, घोषणा नाही. मूळ टेपवरचा आवाज जसा आहे तसा द्या, मशीनच्या धडधडाटासकट. हातांचं चित्रण कापू नका, तेही पूर्ण द्या. दोन्ही एकमेकांवर बसवू नका, वेगवेगळं पाठवा. आधी काय बघायचं आणि मग काय ऐकायचं, ते आमच्या घरात ठरलेलं आहे.